व्याह्यांची काडतुसे

'व्याही' या शब्दाला इंग्रजीत प्रतिशब्द नाही, हे मी अनेक वर्षे वर्गात सांगत आलो. महाराष्ट्राबाहेरच्या एका विद्यापीठात मराठी शिकवण्यात माझे आयुष्य गेले. अन्यभाषक विद्यार्थ्यांपुढे आपल्या नातेवाचक शब्दांची श्रीमंती मांडायची, तर हा माझा ठरलेला दाखला असे. पुढे माझ्याच मुलीने अमेरिकेत विवाह केला आणि त्या दाखल्याने जणू माझ्यावर सूड उगवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातील एका लहान गावात, पोलादाच्या कारखान्यात यंत्रावर उभे राहून चाळीस वर्षे काढलेले एक उंच, मितभाषी गृहस्थ माझे व्याही झाले. मला काय म्हणावे हे त्यांच्या भाषेने त्यांना सांगितले नव्हते, म्हणून ते मला 'प्रोफेसर' म्हणू लागले. मी तिकडच्या रीतीप्रमाणे तोंडावर त्यांना नावाने हाक मारी. मनात मात्र ते 'व्याहीबुवा'च होते.

२०१९च्या ऑक्टोबरात मी प्रथम त्यांच्या घरी राहिलो. दोन दिवस हवापाण्यावर बोलून झाल्यावर तिसऱ्या संध्याकाळी ते म्हणाले, "प्रोफेसर, खाली या. माझं ग्रंथालय दाखवतो." तळघरात पुस्तक एकही नव्हते. एका भिंतीला जाड लाकडी बाक, त्यावर पक्के बसवलेले हातदांड्याचे दाबयंत्र, एक नाजूक तराजू. आणि समोरच्या भिंतीवर फळ्यांमागून फळ्या, त्यांवर एकसारख्या पारदर्शक डब्या. प्रत्येक डबीत पन्नास काडतुसे. ती सर्व त्यांनी स्वतः, एकेक करून, भरलेली होती. त्याच रात्री मी एका मित्राला पत्रात लिहिले, 'व्याह्यांच्या तळघरात दारूचा प्रचंड साठा आहे.' मित्राने आनंदाने विचारले, 'कोणती?' आपल्या भाषेने एकाच शब्दात दोन विनाश साठवून ठेवले आहेत, हे मला तेव्हा जाणवले.

माझे मन प्रारंभी प्रसन्न नव्हते, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्र म्हणून पुजायला विळी आणि अडकित्ता यांपलीकडे काही नसे. बंदूक मी पाहिली ती बँकेच्या दाराशी पहारेकऱ्याच्या खांद्यावर. आपल्याकडे १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली काडतुसांची संख्यासुद्धा परवान्यावर नोंदलेली असते; येथे ती लोणच्याच्या बरण्यांसारखी फळीवर मांडलेली होती. वरच्या मजल्यावर माझा आठ वर्षांचा नातू झोपला होता. तळघराच्या दाराला भक्कम कुलूप होते आणि किल्ली व्याह्यांच्या गळ्यात असे, हे खरे. तरीही मला त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र माझ्यातल्या अभ्यासकाने माझ्यातल्या आजोबावर मात केली. कारण व्याह्यांनी एक डबी हातात दिली आणि मी तिच्यावरची चिठ्ठी वाचली. काडतुसाचे नाव, गोळीचे वजन, दारूचा प्रकार व प्रमाण, ठिणगी देणाऱ्या टोपीची जात, काडतुसाची एकूण लांबी, ही पितळी नळी कितव्यांदा वापरली आहे तो आकडा, भरल्याची तारीख, आणि कोपऱ्यात वहीतील नोंदीचा क्रमांक. मी जन्मभर हस्तलिखिते चाळली आहेत. ही चिठ्ठी म्हणजे पोथीच्या शेवटची पुष्पिका होती: कोणी लिहिले, केव्हा लिहिले, कशावरून लिहिले.

मग ते शिकवत गेले आणि मी शिकत गेलो. काडतुसाचे घटक चार: पितळी नळी, बुडाशी बसवलेली टोपी, आतली दारू आणि पुढची गोळी. एकदा बार झाला की तिघे खर्ची पडतात. नळी तेवढी उरते. ती स्वच्छ करून, पुन्हा मापात आणून, नवी टोपी बसवून भरली की काडतूस पुनर्जन्म घेते. पण नळीलाही वय असते. दर वेळी ती किंचित ताणली जाते. कधी तोंडाशी चीर पडते, कधी बुडाच्या जरा वर एक उजळ वलय दिसू लागते. ते दिसले की नळी मोडीत काढायची. "पितळ लक्षात ठेवतं," व्याही म्हणाले. या वाक्याचा पुढे मला फार आठव झाला.

साठवणुकीचे त्यांचे शास्त्र काटेकोर होते. दारू मूळच्याच डब्यात, मूळच्याच नावानिशी. दुसऱ्या भांड्यात ओतणे म्हणजे तिचे कुळ पुसणे. टोप्या त्यांच्या मूळ वेष्टनात, दारूपासून दूर, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. तेथील अग्निसुरक्षेच्या प्रमाण संहितेनुसार घरात टोप्या दहा हजारांपर्यंत, आणि धूरहीन दारू वीस पौंडांपर्यंत मूळ डब्यांत ठेवता येते. त्याहून अधिक, पन्नास पौंडांपर्यंत ठेवायची तर एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. लोखंडी तिजोरी का नको, असे मी विचारले. व्याह्यांनी समजावले की ही दारू मोकळी असेल तर नुसती भडकून जळते. कोंडली तर स्फोट करते. लाकूड वेळेवर हार मानते, म्हणून ते सुरक्षित. तळघरातली दमट हवा शोषणारे यंत्र अखंड घुरघुरत असे. आणि बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा. काम संपले की मापकातली उरलेली दारू त्याच रात्री मूळ डब्यात. सकाळी ती कोणती होती हे आठवेल, असा भरवसा धरायचा नाही.

शब्दांच्या वाटेने मीही त्यांना काही देऊ शकलो. 'काडतूस' हा पोर्तुगीजांचा आपल्याला मिळालेला शब्द आहे, हे ऐकून ते खूश झाले. त्यांच्या आवडत्या रायफलीच्या काडतुसाचे नाव 'थर्टी-ऑट-सिक्स'. पहिला आकडा इंचाच्या शतांशात नळीचा व्यास सांगतो, दुसरा १९०६ हे वर्ष. गोळीचे वजन ते ग्रेनमध्ये मोजत, आणि त्यांची नेहमीची गोळी १८० ग्रेनची. मी कागदावर हिशेब केला. इंग्रजी अमदानीत ठरलेला आपला तोळाही १८० ग्रेनचाच. हरणासाठी भरलेली प्रत्येक गोळी बरोबर एक तोळा! मी त्यांना तोळा, मासा, गुंज समजावून सांगितले. त्यांनी ते वहीच्या समासात लिहून घेतले.

आणि काडतुसावरून भारतात काय घडले तेही सांगितले. १८५७मध्ये एन्फील्ड रायफलीची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागत, त्या चरबीविषयीच्या शंकेने पलटणी पेटल्या. गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'विषयी सांगितले. ते हस्तलिखित चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ साली बरेच फेरफार करून प्रसिद्ध केले, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये पुढे आणली. व्याही क्षणभर थांबून म्हणाले, "म्हणजे वरची चिठ्ठी तीच, आतला माल वेगळा. आमच्याकडे याला माणूस मरतो." पाठचिकित्सेची इतकी नेमकी व्याख्या मी माझ्या प्रबंधातही केली नव्हती.

त्यांचा शेवटचा नियम असा: दुसऱ्याने भरलेले काडतूस वापरू नये; आणि चिठ्ठी नसलेले काडतूस, ते स्वतः भरलेले असले तरी, दुसऱ्याचेच समजावे.

मध्ये महासाथ आली. मी पुन्हा गेलो तो २०२३च्या सप्टेंबरात. नातू आता बारा वर्षांचा होता. पेनसिल्व्हेनियात त्या वयाला सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण करून शिकारीचा परवाना काढता येतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणांचा हंगाम उघडणार होता आणि आजोबांच्या रायफलीने, आजोबांच्या काडतुसांनी तो पहिल्यांदा रानात जाणार होता. माझ्या मुलीला ते पसंत नव्हते. पण लग्नाबरोबर एक गावही आपण स्वीकारतो, असे म्हणून ती गप्प राहिली होती.

व्याह्यांनी दारातच माझे स्वागत केले, चहा दिला, आणि अर्ध्या तासाने पुन्हा विचारले की मी केव्हा आलो.

चौथ्या दिवशी विहीणबाईंनी मला एकटे गाठून किल्ली दिली. "तुम्ही जुन्या वह्या वाचता ना? त्यांच्या वाचा. त्यांचं कुठपर्यंत खरं मानायचं तेवढं मला सांगा." आयुष्यात मी पुष्कळ समीक्षणे मागणीवरून लिहिली, पण इतक्या जड हाताने कोणतेही काम स्वीकारले नाही. यात चूक झाली तर शुद्धिपत्र काढता येणार नव्हते. दारू प्रमाणाबाहेर पडली तर रायफल फुटू शकते. दारू पडलीच नाही तर नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अडकते, आणि मागून सोडलेली दुसरी गोळी तोच अनर्थ करते. आणि ती रायफल माझ्या नातवाच्या गालाशी असणार होती.

तीन रात्री मी तळघरात बसलो. एकीकडे वही, दुसरीकडे डब्यांवरच्या चिठ्ठ्या: एकाच संहितेचे दोन साक्षीदार. २०२१च्या शरदापर्यंत दोन्ही अक्षरशः जुळत होते. मग एका चिठ्ठीवर तारीख नव्हती, वहीत होती. पुढे एकच नोंदक्रमांक दोन डब्यांवर आला. सारखा शब्द दोनदा आला की नकलनविसाची नजर एकावरून दुसऱ्यावर उडी मारते आणि मधला मजकूर गळतो, हे मी विद्यार्थ्यांना फळ्यावर दाखवीत असे. येथे ते एका माणसाच्या आयुष्यात घडताना दिसत होते. अक्षर मात्र शेवटपर्यंत सुरेख होते, आणि तेच मला अधिक भयंकर वाटले. २०२२च्या उन्हाळ्यातील एका डबीवर एका दारूचे नाव होते, वहीत दुसरीचे. त्यापुढच्या एका डबीवरची चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवरच चिकटवलेली. खालचे आकडे अर्धवट दिसत होते. संशयित पाठ तळटीपेत ठेवता येतो. संशयित काडतूस कोठेच ठेवता येत नाही.

मी रेघ ओढली. विहीणबाईंना सांगण्यापूर्वी ते व्याह्यांना सांगणे मला योग्य वाटले; ग्रंथकर्ता हयात असताना त्याच्या पाठीमागे निकाल देणे बरे नव्हे. सकाळी त्यांचे मन निर्मळ असे. तेव्हा वही समोर ठेवून मी एकेक विसंगती दाखवली. ते बराच वेळ पाहत राहिले. रागावतील, असे मला वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, "रेघ कुठं ओढलीत?"

मी बोट ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, मागची पाने उलटली आणि म्हणाले, "मी असतो तर आणखी एक डबी मागं गेलो असतो." आणि माझी रेघ खोडून त्यांनी स्वतःच्या हाताने वर नवी ओढली. स्मृती ढळली होती; विवेक ढळला नव्हता. या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे मला त्या वयात, त्या तळघरात, प्रथम कळले.

रेघेखाली सात डब्या आल्या. काही अर्ध्या, एकूण २६४ काडतुसे. ती उकलायचे एक साधन असते: पोकळ डोक्याचा, हातोड्यासारखा. त्यात काडतूस उलटे अडकवून लाकडाच्या ओंडक्यावर ठोकायचे, की गोळी आणि दारू निसटून त्या पोकळीत पडते. व्याही ठोकत होते. मी गोळ्या एका वाडग्यात, नळ्या दुसऱ्यात टाकीत होतो. एका काडतुसातून दारूचा कणही पडला नाही. आम्ही दोघांनीही ते पाहिले; कोणी काही बोलले नाही. शेवटी जमलेली सगळी दारू त्यांनी मागच्या हिरवळीवर विरळ विस्कटली. "गवताला नत्र मिळेल," ते म्हणाले. आणि नातवाकडे वळून म्हणाले, "या वर्षी दुकानातली वीस घे."

रेघेवरच्या डब्यांना त्यांनी हात लावू दिला नाही. त्या खऱ्या होत्या.

हंगाम उघडण्यापूर्वीच मी परतलो. नंतर मुलीचा फोन आला: "बाबा, हरीण काही मिळालं नाही. पण घरी येताच त्यानं उरलेली काडतुसं मोजली, डबीत भरली आणि चिठ्ठी लिहिली. तारीखसुद्धा घातली."

माझ्या अभ्यासिकेत टिपणांच्या कार्डांची खोकी आहेत, पस्तीस वर्षांची. जुन्या कार्डांवर ग्रंथ, आवृत्ती, पृष्ठ, तारीख सारे आहे. अलीकडच्या काहींवर नुसते एखादे वाक्य आहे. ते माझे की वाचलेले, हे मला सांगता येत नाही. अशी कार्डे मी आता वापरत नाही. वेगळी काढून ठेवली आहेत. गेल्या महिन्यात माझ्या नव्या पुस्तकाची मुद्रिते एका जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवली आणि लिहिले की कोठे रेघ ओढावीशी वाटली तर निःसंकोच ओढ. तिचे उत्तर आले. पत्र अतिशय नम्र आहे. शेवटच्या दोन प्रकरणांविषयी तिने काहीच लिहिलेले नाही.

मी ती दोन्ही प्रकरणे काढून घेतली आहेत. आणि त्यांच्या आधीचे आणखी एक.