मुखपृष्ठावर कुठला फोटो?

दोस्तांनो, समजा, ‘आफ्रिका विशेषांक’ काढायचं काम तुमच्याकडे आलं. मुखपृष्ठावर कुठला फोटो छापाल? सिंह? जिराफ? छान! पण जरा थांबा. हा खंड आपल्या भारताच्या नऊपट मोठा आहे. देशच मुळी 54!

चला टांझानियात. विषुववृत्त जवळच, तरी 5,895 मीटर उंच किलिमांजारोच्या माथ्यावर बर्फ! मालीतल्या जेन्ने गावात मातीच्या विटांची भलीमोठी मशीद आहे. पावसानं ती झिजते, म्हणून दरवर्षी गावकरी जमून तिला चिखलाचा गिलावा देतात. इथिओपियातल्या लालिबेलाला तर जायलाच हवं. वेरूळचं कैलास लेणं पाहिलंय ना? तसाच इथेही खडक वरून खाली कोरत नेऊन चर्च घडवलीत. आधी कळस, मग पाया! अशी एकूण 11 चर्च आहेत. आणि इजिप्तच्या कैरोत पिरॅमिडच नाहीत बरं का! 1987 पासून तिथे मेट्रो धावते.

मग, ठरला का फोटो? एक घेतला की बाकीचे राहतातच. मुखपृष्ठ म्हणजे नुसतं दार. दार पाहून ‘घर पाहिलं’ असं कुणी म्हणतं का? नकाशा काढा आणि आत शिरा!