दुसरा टर्बो का येत नाही?

टर्बो म्हटलं की आपल्या मेकॅनिकलच्या वर्गात अर्ध्या लोकांच्या डोळ्यासमोर सिनेमातली नाहीतर गेममधली जपानी गाडी येते. खाली निळे दिवे, मागे भलामोठा स्पॉयलर आणि गिअर बदलताना तो 'पिश्श' आवाज! उरलेल्या अर्ध्यांना पेपरातली टीप आठवते. एक्झॉस्टमधल्या वाया जाणाऱ्या ऊर्जेवर टर्बाइन फिरते, त्याच शाफ्टवर कॉम्प्रेसर, जास्त हवा, जास्त इंधन, जास्त पॉवर. आकृती काढा, बाण दाखवा, मार्क घ्या. बिघडलं तर काय करायचं, हे मात्र सिनेमातही नसतं आणि टीपेतही नसतं.

ते मला कळलं एका माझदा आरएक्स-सेव्हनमुळे, आणि तेही गाडीला हात न लावता. हात कुठून लावणार? आपल्याकडे ही गाडी कधी विकायलाच आली नाही. माझा मामेभाऊ ऑकलंडला असतो. न्यूझीलंडमध्ये आपल्यासारखंच स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे जपानमधून वापरलेल्या गाड्या तिथे ढिगाने येतात. दादाने पगार साठवून साठवून त्यातलीच एक घेतली. मामीला वाटलं होतं तो घराचं डाऊनपेमेंट भरतोय. असो.

ही तिसऱ्या पिढीची आरएक्स-सेव्हन, शौकीन लोक तिला 'एफडी' म्हणतात. १९९१ ते २००२ या काळात बनली. हिच्यात पिस्टन नाहीत. वँकेल इंजिन, म्हणजे दोन तिकोनी रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी, एकूण १३०८. आपल्या साध्या हॅचबॅकएवढं इंजिन, पण सुरुवातीच्या गाड्यांत २५५ आणि १९९९ पासून २८० पीएस! (२८० वरच का थांबले? १९८९ ते २००४ जपानी कंपन्यांचा आपसात अलिखित करार होता की याच्या वरचा आकडा जाहीर करायचा नाही. काही गाड्यांची खरी पॉवर त्याहून जास्त होती हे उघड गुपित.)

एवढी पॉवर काढायला माझदाने जी युक्ती केली, तिचं कौतुकही वाटतं आणि रागही येतो. मोठा टर्बो फिरायला वेळ घेतो, छोटा लवकर फिरतो पण वरच्या आरपीएमला दमतो. म्हणून दोन छोटे टर्बो घेतले आणि त्यांना पाळीपाळीने कामाला लावलं. साधारण ४५०० आरपीएमपर्यंत पहिला एकटाच, पुढे दोघे मिळून. त्यात दुसरा एकदम थंडा सुरू झाला तर झटका बसणार, म्हणून त्याला आधीपासूनच थोडा एक्झॉस्ट देऊन फिरवत ठेवायचं, त्याची हवा तोपर्यंत बाहेर सोडून द्यायची आणि वेळ आली की झडपा बदलायच्या. या झडपा मोटरवर चालत नाहीत, त्या दाबावर आणि व्हॅक्यूमवर चालतात. (व्हॅक्यूमला 'निर्वात' म्हणतात हे मला या लेखासाठी आजोबांना विचारावं लागलं, पण मी व्हॅक्यूमच लिहिणार.) आणि हा दाब-व्हॅक्यूम पोचवायला बारीक रबरी नळ्या, सोलेनॉइड आणि चेक व्हॉल्व्ह. इंजिनावर शेवयांचा गुंता पसरल्यासारखं दिसतं. रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर गरम, त्यात नळ्या वर्षानुवर्षं भाजून निघतात, कडक होतात, तडकतात.

दादाच्या गाडीत बूस्ट ४५०० पर्यंत ०.७ बार यायचा. मग एकदम अर्ध्यावर, आणि तिथेच राही. पाळी बदलताना थोडी घसरण होणं नॉर्मल आहे, पण तो लगेच परत चढायला हवा. तिथल्या एका गॅरेजवाल्याने बघितलं आणि सांगितलं की दुसरा टर्बो गेला, दोन्ही काढून टाक, एक मोठा बसव. म्हणजे दुखणं न शोधता सरळ मॉडिफिकेशन! खर्च ऐकून दादा दोन दिवस बोलला नाही. मग मला फोन. "अगं, तू इंजिनिअरिंग करतेस ना? मग सांग." त्याची शनिवारची दुपार म्हणजे माझी पहाट. हॉस्टेलच्या जिन्यात बसून, मॅन्युअलची पानं लॅपटॉपवर उघडून, व्हिडिओ कॉलवर आमचं ट्रबलशूटिंग सुरू झालं.

पहिला प्रश्न मी विचारला, तो टर्बोबद्दल नव्हताच. दादा, काय काय बरोबर चाललंय? ४५०० पर्यंत बूस्ट बरोबर आहे म्हणजे पहिला टर्बो ठीक, इंटरकूलर ठीक, त्याच्या पुढचे पाइपही ठीक. तिथे गळती असती तर आधीपासूनच दिसली असती. एका वाक्यात अर्धी गाडी निर्दोष सुटली! उरल्या दुसऱ्याच्या झडपा, नाहीतर तो टर्बो स्वतः. दादाने पाइप काढून बोटाने शाफ्ट हलवून बघितला, लटपटत नव्हता. धूर नाही, आवाज नाही. टर्बो जिवंत होता.

मग सोलेनॉइड. मल्टिमीटर लावून सगळ्यांचा रेझिस्टन्स घेतला, बारा व्होल्ट दिल्यावर प्रत्येक जण टिक्‌ करून बोलला. हातपंपाने ॲक्च्युएटर ओढून बघितले, दांड्या हलल्या. सगळं ठीक, आणि तरी गाडी तशीच. अशा वेळी माणूस देवाला नाहीतर नव्या टर्बोला शरण जातो.

इथे मला खरोखर मजा आली. दुसऱ्या टर्बोची झडप ओढायला व्हॅक्यूम लागतो. पण ती ओढायची केव्हा? फुल थ्रॉटलला. आणि तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो कुठे? तिथे तर बूस्ट भरलेला! म्हणून माझदाने व्हॅक्यूम आधीच एका डब्यात साठवून ठेवलाय आणि दारावर चेक व्हॉल्व्हचा पहारेकरी बसवलाय, एकाच दिशेने जाऊ देणारा. तो पहारेकरी झोपला तर उभ्या गाडीत सगळं छान दिसणार, आणि बूस्ट आला की डबा रिकामा. ज्या क्षणी व्हॅक्यूम हवा नेमका त्याच क्षणी नाही. उभ्या गाडीवर कितीही टेस्ट केल्या तरी हे सापडणार नव्हतं.

दादाने वरचं इनटेक मॅनिफोल्ड उतरवलं, व्हॉल्व्ह काढला आणि तोंडात धरून फुंकला. कॅमेऱ्यासमोर. एका बाजूने हवा गेली, दुसऱ्या बाजूनेही गेली! शेजारची नळीही टोकाला फाटलेली निघाली. त्याने एवढं उघडलंच आहे म्हणून सगळ्याच नळ्या सिलिकॉनच्या घातल्या, चेक व्हॉल्व्ह सगळे नवे. पुढच्या शनिवारी काटा ०.७ वर गेला, जरा घसरला, परत ०.७. जिन्यात मी एवढ्याने ओरडले की वॉर्डन आल्या.

आता खरा वाद सुरू झालाय. गाडी नीट पळते म्हटल्यावर दादाला मोकळा एक्झॉस्ट बसवायचाय. मी विरोधात नाही, फक्त क्रमाच्या विरोधात आहे. या गाडीचा कॉम्प्युटर हवा मोजत नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजतो आणि त्यावरून इंधन ठरवतो. एक्झॉस्ट मोकळा केला की टर्बो जास्त फिरतात, मूळचा वेस्टगेट लहान पडतो, बूस्ट आपोआप वर चढत जातो. कॉम्प्युटर घाबरून इंधन तोडतो, गाडी ठसकते. यावर बाजारात स्वस्त इलाज मिळतो, दाबाचा सिग्नल एका मर्यादेवर अडवणारी छोटी डबी. ठसकणं बंद! पण म्हणजे काय केलं? ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर ९८ वर चिकटवला. हवा जास्त, इंधन कमी, डेटोनेशन. रोटरच्या टोकाला २ मिमी जाडीचं अपेक्स सील असतं, ते तुटतं, आणि तुकडा एक्झॉस्टमधून निघून जाता जाता टर्बाइनचीही वाट लावू शकतो. मग अख्खं इंजिन उघडा. दादाला ते परवडणार नाही हे त्यालाही माहीत आहे.

म्हणून मी त्याला यादी पाठवलीय. आधी चांगला बूस्ट गेज आणि हवा-इंधन गुणोत्तर दाखवणारा मीटर. कूलंटची मूळची प्लॅस्टिकची टाकी जुनी झाली की तडकते, ती ॲल्युमिनियमची. मग वेस्टगेटचं भोक मोठं करणं, मग ट्यून करता येणारा कॉम्प्युटर, आणि सगळ्यात शेवटी एक्झॉस्ट. दादाचं म्हणणं, यातलं काहीच बाहेरून दिसत नाही, आवाजही येत नाही. त्याने पाइप तर आधीच आणून ठेवलाय. सध्या गॅरेजच्या कोपऱ्यात आहे, मामीने पाठवलेल्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला.