शबनम, पॅड आणि चार ग्लास पाणी

हा विषय इथे लिहावा की नाही यावर बरेच दिवस घोळ चालला होता. बायको म्हणाली, "लिही की, त्यात काय चोरी केलीस?" तर लिहितोय. ज्यांना लघवी वगैरे शब्द वाचायला संकोच वाटतो त्यांनी या वीकेंडला सुट्टी घ्यावी :-)

२०२४ च्या जानेवारीत माझी प्रोस्टेट ग्रंथी काढली. वय ५६. कंपनीच्या वार्षिक तपासणीत पीएसए वाढलेला निघाला, मग एमआरआय, मग बायॉप्सी, मग ग्लीसन स्कोअर ३+४. (ग्लीसन हे अमेरिकन डॉक्टर, ही मोजणी त्यांनी १९६० च्या दशकात बसवली. शाळेत दहापैकी सात म्हणजे फर्स्ट क्लास, इथे जितके मार्क कमी तितकं बरं.) ऑपरेशन रोबोटने झालं. म्हणजे रोबोट स्वतःच्या डोक्याने काही करत नाही. सर्जन बाजूला कन्सोलवर बसून त्याचे हात चालवतो. पोटाला सहा छिद्रं. असो, ऑपरेशनच्या वेळी मी झोपलेलोच होतो, त्यामुळे सांगण्यासारखं सगळं नंतरचं आहे.

दुसऱ्या दिवशी सिस्टरने उठवून कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. एका हाताने सलाईनचा स्टँड ढकलायचा, दुसऱ्या हातात लघवीची पिशवी. आयुष्यभर क्लायंटसमोर प्रेझेंटेशनं दिलेला माणूस मी, ती पिशवी टॉवेलखाली लपवत भिंतीकडेने चाललो होतो. समोरून सत्तरीचे एक गृहस्थ आले. खांद्याला लांब पट्ट्याची शबनम, आणि कॅथेटरची नळी सरळ त्या शबनममध्ये गेलेली.

"कविसंमेलनाला निघाल्यासारखं वाटतं की नाही?" त्यांनी विचारलं. "फक्त कमरेच्या वर जाऊ द्यायची नाही. लघवी उलटी फिरते आणि सिस्टर ओरडतात."

हे गुरुजी. कोरेगाव तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले. माझ्या आदल्याच दिवशी त्यांचं ऑपरेशन झालं होतं. डिस्चार्जच्या वेळी मला एक कागद मिळाला, त्यात औषधांच्या वेळा होत्या. रात्री पिशवी कॉटशेजारी बादलीत ठेवली की पायात येत नाही, लुंगीइतका सोयीचा कपडा नाही, पहिले काही दिवस शौचाला अजिबात जोर करायचा नाही, हे सगळं मला गुरुजींनी सांगितलं.

दहाव्या दिवशी कॅथेटर निघाला. सुटलो बुवा, असं वाटलं. उठून उभा राहिलो आणि पायजमा ओला.

याचं कारण सोपं आहे. सोसायटीच्या गेटवर दोन वॉचमन असतात असं समजा. आतला वॉचमन मूत्राशयाच्या तोंडाशी, प्रोस्टेटला चिकटूनच असतो. ग्रंथी काढताना त्याची नोकरी बहुधा जाते. मग बाहेरच्या वॉचमनला डबल ड्यूटी. त्याला सवय नसते, म्हणून व्यायाम द्यावा लागतो. लघवी अडवताना जे स्नायू आवळतो तेच आवळायचे, धरायचे, सोडायचे. केगल नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये हे लिहिलं, ते बायकांच्या बाळंतपणानंतरच्या त्रासासाठी. फिजिओथेरपिस्टने समजावल्यावर गुरुजी म्हणाले, "अहो, हा तर आमचा मूलबंध!" मी सिंहगड रोडच्या प्रत्येक सिग्नलला हा व्यायाम केला. तिथे सिग्नल भरपूर आहेत, तेवढा तरी फायदा.

इंजिनियर म्हटल्यावर एक्सेल शीट आलीच. रोजचे पॅड किती, चहा किती कप, शिंका किती. पुढे मी ओले पॅड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर मोजायला लागलो. (डॉक्टरही तसं मोजतात, मी उगाच नाही करत होतो.) बायकोने नवा काटा आणला आणि जुना बाथरूममध्ये ठेवला. त्यावर एकही शब्द बोलली नाही.

रोज संध्याकाळी गुरुजींचा फोन. "आज किती?" "पाच. तुमचे?" "सहा, पण एक प्रवासातला आहे, धरू नका." मुलीला वाटायचं आम्ही क्रिकेटवर बोलतोय. ओपीडीच्या रांगेत ओळख झालेले एक ड्रायव्हरकाका पण नंतर यात आले, एसटीत पस्तीस वर्षं काढलेले. एकदा रात्री त्यांचा फोन आला, बराच वेळ हवापाण्याच्या गप्पा, आणि शेवटी, "साहेब, ते दुसरं... तुमचं ते... येतंय का परत?" मी खरं सांगितलं. नाही. ग्रंथीला लगटून दोन्ही बाजूंनी नसा जातात, वॉल्श नावाच्या सर्जनने १९८२ मध्ये त्या वाचवायची पद्धत काढली, माझ्या एका बाजूच्या वाचवल्यात, आणि तरी दीड-दोन वर्षं लागू शकतात. पलीकडे मोठा सुस्कारा ऐकू आला. "म्हणजे मी एकटा नाही." तोपर्यंत हे मी घरीसुद्धा धड बोललो नव्हतो. त्या रात्री बोललो.

आता जे सांगायला जड जातंय ते.

ग्रंथीच नाही म्हटल्यावर पीएसए जवळजवळ शून्य यायला पाहिजे. दीड महिन्याने माझा ०.०१ च्या खाली आला. गुरुजींचा ०.०८. तीन महिन्यांनी ०.१४. पुढच्या वेळी ०.२५. ०.२ च्या वर दोनदा गेला की आजार परत आला असं धरतात. त्यांच्या पुढच्या टेस्टची तारीख मला माहीत होती. आणि मी फोन करणं बंद केलं. बोलायचं काय? माझे पॅड तोपर्यंत शून्यावर आले होते. त्यांचे अजून तीन. आज किती, हा प्रश्नच तोंडातून निघेना. रिलीज आहे, ऑनसाईटवाल्यांचे कॉल आहेत, कारणांना तोटा नसतो. दोन आठवडे गेले.

मग त्यांचाच फोन आला. "काय साहेब, पास झालेल्यांनी नापासांशी बोलायचं नाही असा जीआर निघालाय का?"

मला काही सुचलं नाही. सॉरी म्हणालो बहुतेक.

रेडिएशनच्या ३३ फेऱ्या ठरल्या, सोमवार ते शुक्रवार, साडेसहा आठवडे. गुरुजी धायरीला भाचीकडे राहायला आले. यातली गंमत अशी की रेडिएशनच्या वेळी मूत्राशय भरलेलं लागतं. म्हणजे ते फुगून वर सरकतं, आतडंही दूर राहतं आणि दोन्हींना मारा कमी बसतो. आधी लघवी करायची, मग ठरलेलं पाणी प्यायचं आणि धरून बसायचं. आता ज्या माणसाची धरण्याचीच पंचाईत, त्याला हे सांगायचं! पहिल्याच दिवशी स्कॅनमध्ये पुरेसं भरलेलं दिसलं नाही म्हणून त्यांना परत बाहेर बसवलं. निम्मं पॅडमध्ये गेलं होतं.

मंगळवार आणि गुरुवार माझं वर्क फ्रॉम होम असतं. त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याबरोबर जायला लागलो. पाणी त्यांनी एकट्याने प्यायचं हे बरोबर दिसेना, म्हणून मीही ग्लास भरून घ्यायचो. ते चार, मी चार. शेजारी शेजारी बसून दोघांचा मूलबंध चालू. समोर टीव्हीवर कुठली तरी मालिका, आवाज बंद. शबनम त्यांच्या मांडीवर, आता आत जादा पॅड आणि पंचा.

अकराव्या की बाराव्या फेरीला त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून पंधरा मिनिटं. काहीतरी बोला साहेब. पण हसवू नका."