सुताभर मोकळीक : एकोडीतील धातूच्या खिडक्या

धातूची खिडकी किती मजबूत असावी, हे ठरवण्यासाठी तक्ते आणि मानके हाताशी असतात. तिच्याभोवती किती फट सोडावी आणि ती कशाने भरावी, हा प्रश्न मात्र बहुतेक कामांत कारागिराच्या नजरेवर सोपवलेला असतो, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात खिडक्या अडतात, चौकटी फुगतात किंवा तावदाने तडकतात, तेव्हा कारण बहुधा तेथेच सापडते. भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी या गावी, एका शेतकरी कुटुंबाच्या पक्क्या घराच्या पश्चिमेकडील खोल्यांतील लोखंडी खिडक्या काढून त्या जागी नव्या बसवण्याचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्या कामात जे पाहावयास मिळाले आणि त्यातून आरेखनाची जी पद्धत ठरत गेली, तिचे विवरण येथे केले आहे.

पदार्थाचे तापमान एका अंशाने वाढले असता त्याची लांबी मूळ लांबीच्या ज्या प्रमाणात वाढते, त्या प्रमाणास रेषीय प्रसरणांक म्हणतात. पोलादाच्या दर दहा लाख मिलिमीटर लांबीमागे ही वाढ सुमारे १२ मिलिमीटर असते, ॲल्युमिनियममध्ये ती सुमारे २३, साध्या काचेत ९ आणि विटांच्या बांधकामात ५ ते ६ मिलिमीटर एवढी असते. आकडे किरकोळ वाटतात, परंतु त्यांना ज्या तापमानाने गुणावयाचे ते या भागात किरकोळ नाही. एकोडीच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी तो ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. ही तापमाने सावलीतल्या हवेची आहेत. पश्चिमेच्या भिंतीत बसवलेली, चॉकलेटी ऑइलपेंट दिलेली चौकट दुपारी चारच्या सुमारास हवेपेक्षा वीस अंशांनी सहज अधिक तापते. म्हणजे वर्षभरात धातूने पार करावयाचा पल्ला ६० अंशांहून कमी धरता येत नाही. त्या हिशेबाने दीड मीटर, म्हणजे जवळपास पाच फूट रुंदीची पोलादी चौकट हिवाळ्यातील पहाट आणि उन्हाळ्यातील दुपार यांच्या दरम्यान १.१ मिलिमीटर वाढते, तेवढीच ॲल्युमिनियमची चौकट २.१ मिलिमीटर वाढते, आणि ज्या भिंतीत ती बसवलेली असते ती जाड व सावकाश तापणारी भिंत जवळपास जागच्या जागी राहते.

या भागातील जुन्या घरांना हा प्रश्न पडला नव्हता. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर आणि लहान सागवानी खिडक्या अशी ती रचना होती, आणि लाकूड धाग्याच्या दिशेने उष्णतेने फारच थोडे वाढते. ते फुगते ते दमट हवेने आणि तेही आडव्या दिशेने. त्यामुळे जुन्या खिडकीचा पल्ला श्रावणात अडत असे आणि चैत्र-वैशाखात मोकळा होत असे. लोखंडी खिडकी आली तेव्हा हे वेळापत्रक उलटे झाले, पण खिडकी बसवण्याची रीत मात्र लाकडी चौकटीचीच राहिली: चौकट आधी उभी करावयाची, तिला ओळंबा लावावयाचा आणि मग तिच्याभोवती वीट रचत जावयाचे. लाकडाला ही रीत मानवत होती. धातूच्या बाबतीत मात्र भारतीय मानकांत व सरकारी बांधकामांच्या विनिर्देशांत भिंतीत आधी गाळा तयार ठेवून चौकट त्यात मागाहून बसवण्याची पद्धत सांगितलेली आहे, आणि ती केवळ चौकटीला खरचटू नये म्हणून सांगितलेली नाही.

एकोडीच्या घरातील जुन्या खिडक्या अशाच भिंतीबरोबर बांधून काढलेल्या होत्या. चौकट २५ मिलिमीटरच्या, तीन मिलिमीटर जाड अँगलची होती, आणि तिला वेल्ड केलेले होल्डफास्ट, म्हणजे टोकाशी दुभंगलेल्या लोखंडी पट्ट्या, काँक्रीटमध्ये पुरलेले होते. सकाळी पल्ल्याची कडी आपल्या भोकात अलगद बसत असे. दुपारी ऊन पश्चिमेच्या भिंतीवर आले की तीच कडी भोकाच्या काठावर अडत असे आणि पल्ल्याची खालची कड चौकटीवर घासून तेथील रंग नखाएवढ्या रुंदीत पार लोखंडापर्यंत गेलेला होता. चौकटीच्या वरच्या आडव्या अँगलला सरळ पट्टी लावून पाहिली असता तो मधोमध खाली वाकलेला दिसे, आणि दोन्ही टोकांशी गिलाव्याची भुकटी होऊन ती खिडकीच्या कट्ट्यावर सांडत असे. पल्ला मोकळा असल्याने तापून वाढत होता आणि चौकट जखडलेली असल्याने आतल्या बाजूला फुगत होती. वाढता पल्ला आणि आकसता गाळा यांची गाठ रोज दुपारी पडत होती.

येथे भूमितीचा एक भाग लक्षात घेण्याजोगा आहे, कारण बहुतेक कारागीर, आणि काही अभियंतेही, एका मिलिमीटरने काय होणार, असे म्हणून हा विषय सोडून देतात. दीड मीटर लांबीच्या पट्टीची दोन्ही टोके पक्की धरली आणि तिला पाऊण मिलिमीटर वाढ दिली, तर ती वाढ सामावण्यासाठी पट्टीला मधोमध सुमारे २० मिलिमीटर फुगावे लागते. प्रत्यक्षात टोकाशी गिलावा चुरतो आणि मधले होल्डफास्ट पट्टीला आवरतात, म्हणून फुगवटा त्याहून बराच कमी दिसतो. परंतु कडी अडण्यास तीन-चार मिलिमीटर पुरेसे असतात. पट्टी अजिबात फुगू दिली नाही, तर काय होते, याचाही हिशेब करता येतो. ४० अंशांच्या वाढीत पूर्णपणे जखडलेल्या पोलादात दर चौरस मिलिमीटरला ९६ न्यूटन एवढा दाब निर्माण होतो, आणि वर सांगितलेल्या लहानशा अँगलमध्येही तो एकूण सुमारे १,३८० किलो वजनाच्या भाराएवढा भरतो. जाड अँगल घातला की प्रश्न सुटेल, ही समजूत या आकड्यापुढे टिकत नाही, कारण अँगल जितका जाड तितका हा भार वाढतो आणि तो सोसावयाचा असतो भिंतीच्या कडेच्या अर्ध्या विटेला.

यावर कामावरील वेल्डरने घेतलेला आक्षेप विचारात घेण्याजोगा होता: नागपूर-गोंदिया मार्गावरचे रूळ आता मैलोगणती वेल्ड केलेले असतात, त्यांत फटी नाहीत, मग ते का फुगत नाहीत? त्याचे उत्तर असे की अखंड रूळही दाब टाळत नाही, तो दाब पेलतो. प्रतिमीटर ६० किलो वजनाच्या रुळाचे तापमान ३० अंशांनी चढले की त्यात सुमारे ५५ टनांचा दाब येतो, आणि तो पेलण्यासाठी खाली जड काँक्रीटचे स्लीपर, त्यांना घट्ट धरणाऱ्या क्लिपा व खच्चून भरलेली खडी असते. शिवाय रूळ ठरावीक तापमानालाच पक्के केले जातात, जेणेकरून उन्हाळ्यातील दाब आणि हिवाळ्यातील ताण दोन्ही आटोक्यात राहतात. खिडकीला असा पाया मिळत नाही. त्या व्यवस्थेतून खिडकीने उचलावी अशी गोष्ट एकच, ती म्हणजे बसवण्याचे तापमान.

भाताच्या या पट्ट्यात बांधकामे धानाची मळणी आटोपल्यावर सुरू होतात आणि पावसाच्या आत उरकावी लागतात, त्यामुळे खिडक्यांची पाळी बहुधा एप्रिल-मे महिन्यांत येते. अंगणात उन्हात पडलेली, हाताला चटका देणारी चौकट दुपारी गाळ्यात ठोकली, तर ती आपल्या कमाल लांबीला बसते आणि पुढे केवळ आकसतच जाते. पहिल्या पावसात तिच्याभोवती केसाएवढी भेग पडते आणि त्या भेगेतून शिरलेले पाणी होल्डफास्टपर्यंत पोहोचते. गंजाची सुरुवात येथून होते. याउलट पौषातल्या सकाळी घट्ट बसवलेली चौकट मे महिन्यात फुगते. म्हणून एकोडीच्या कामात चौकटी आदल्या दिवसापासून खोलीच्या सावलीत ठेवून सकाळी, धातू साधारण तिशी-पस्तिशीच्या तापमानात असताना बसवल्या, ज्यायोगे पुढची हालचाल दोन्ही दिशांना सारखी वाटली जाईल. या एका बदलाला खर्च काहीच नव्हता, तरीही तोच सर्वांत अवघड गेला, कारण कारागिराचा दिवस नऊ वाजता सुरू होतो.

मोकळीक किती सोडावी, हे कामावर मिलिमीटरमध्ये सांगून चालत नाही. सुतार आणि फॅब्रिकेशनवाले आजही सुतात बोलतात. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत, जवळपास ३.२ मिलिमीटर. पोलादी चौकटीला प्रत्येक बाजूस एक सूत आणि ॲल्युमिनियमच्या चौकटीला दोन सूत असा नियम येथे ठेवला, आणि त्यामागचा हिशेब फट भरणाऱ्या पदार्थावरून आला. चांगल्या प्रतीचे सिलिकॉन सीलंट आपल्या रुंदीच्या सुमारे पाव भागाइतका ताण-दाब सहन करते. म्हणजे एका सुताच्या फटीत ०.८ मिलिमीटर आणि दोन सुतांच्या फटीत १.६ मिलिमीटर. दीड मीटरच्या चौकटीची वाढ दोन बाजूंना वाटली असता पोलादाला प्रत्येक बाजूस अर्धा आणि ॲल्युमिनियमला एक मिलिमीटर लागतो, तेव्हा दोन्ही आकडे थोडी शिल्लक ठेवून बसतात. सीलंट मात्र फटीच्या केवळ दोन कडांना चिकटले पाहिजे, तळाला नव्हे. तळालाही चिकटले तर ते ताणले जाण्याऐवजी फाटते, म्हणून फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवतात. तसेच दुकानात स्वस्त मिळणारे, व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये, कारण ते सिमेंटला नीट धरत नाही आणि त्यातील आम्लाने काही धातू खराब होतात.

चौकट नुसती मोकळी सोडूनही भागत नाही. वाऱ्याच्या झोताने ती हलता कामा नये. त्यासाठी खालच्या आडव्या पट्टीचा मध्य पक्का धरला आणि बाकीच्या जागी होल्डफास्टऐवजी लांबट भोकांच्या पट्ट्या देऊन त्यांतून स्क्रू घेतले. लांबट भोक चौकटीला लांबीच्या दिशेने सरकू देते, पण भिंतीतून बाहेर येऊ देत नाही. स्क्रू घट्ट पिळून आवळण्याची हाताला लागलेली सवय येथे आड येते, म्हणून प्रत्येक स्क्रूखाली नायलॉनची वायसर दिली. मुंबईत १९३० नंतरच्या आर्ट डेको इमारतींत बारीक पोलादी पट्ट्यांच्या रुंद खिडक्या दिसतात. समुद्रकाठचे तापमान वर्षभरात फार चढउतार करत नाही, तेव्हा त्यांचा खरा शत्रू खारी हवा आणि गंज हा राहिला, आणि त्यांचे अनुकरण पूर्व विदर्भात जसेच्या तसे करण्यात अर्थ नाही.

काचेविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. लोखंड वाढते आणि काच फोडते, असे म्हटले जाते. वास्तविक अर्ध्या मीटरच्या तावदानात काच आणि पोलाद यांच्या वाढीतील फरक ६० अंशांनाही ०.१ मिलिमीटरच्या आतच राहतो. तावदान तडकते ते मुख्यतः स्वतःच्याच दोन भागांतील तापमानामुळे: मधला भाग उन्हात तापतो, चौकटीच्या खाचेत दडलेली कड थंड राहते, आणि तापलेला मध्य कडेला ओढतो. साधी काच असा फरक तीस-चाळीस अंशांपर्यंत सोसते, तोही कड स्वच्छ कापलेली असेल तर. उष्णतेने गेलेली तड ओळखता येते. ती कडेपासून निघते आणि निघताना कडेशी काटकोन करते. एकोडीतील तडकलेल्या तावदानांपैकी काहींवर हीच खूण होती, आणि तेथे कडेवर कापताना उडालेली कपचीही सापडली. वळवाची सर तापलेल्या काचेवर पडते तेव्हा हा खेळ काही क्षणांत होतो. म्हणून काच खाचेपेक्षा प्रत्येक बाजूस एक सूत लहान कापून, खाली रबराच्या ठोकळ्यांवर टेकवून, गास्केटमध्ये बसवली. पूर्वीची लांबी, म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल यांचा लगदा, या उन्हात लवकरच दगडासारखा होतो आणि काचेला हलू देत नाही. भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगांचे खापर मात्र उष्णतेवर फोडण्याची घाई करू नये, कारण अशा भेगा पाया खचल्याने किंवा गिलावा आकसल्यानेही पडतात.

आरेखनाच्या कोणत्याही पुस्तकात नसलेली एक बाब अखेरीस सर्वांत जास्त वेळ घेऊन गेली. या भागात मार्चच्या अखेरीपासून मृगापर्यंत खिडकीत कूलर बसतो, आणि तो बहुधा ग्रिलचा एक भाग कापून बसवलेला असतो. चौकटीची एक बाजू तेव्हा ओल्या ताट्यांच्या गार हवेत असते आणि दुसरी उन्हात, शिवाय पाण्याने भरलेल्या टाकीचे वजन खालच्या पट्टीवर येते. त्यातच चोरीच्या भीतीने ग्रिल चौकटीलाच वेल्ड करून घेण्याचा घरमालकांचा आग्रह असतो, आणि तसे केले की सोडलेली सर्व मोकळीक एका वेल्डने संपते. येथे ग्रिल चौकटीपासून वेगळे ठेवून भिंतीच्या आतल्या बाजूस स्वतंत्र धरले, त्याचा कूलरपुरता भाग आतून उघडणाऱ्या बोल्टांवर घेतला आणि कूलरसाठी बाहेर जमिनीवर अँगलची घोडी केली. त्या घोडीचे पैसे खिडकीच्या हिशेबात धरण्यास मालक तयार झाले नाहीत. ते कूलरच्या खर्चात मांडले, तेव्हा कोणाचीच हरकत राहिली नाही.