अण्णांचं सामाईक खातं

मला शिकवणाऱ्यांत सगळ्यात कंजूष माणूस म्हणजे आमचे अण्णा. टपरीवर चहाचे पैसे देताना त्यांचा हात कधी आखडला नाही. कंजुषी सगळी मेमरीच्या बाबतीत. पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आम्ही सेट-टॉप बॉक्सचं सॉफ्टवेअर लिहायचो. साल २०१२. मुंबईत ३१ ऑक्टोबरला ॲनालॉग केबल बंद व्हायची होती, पुढच्या मार्चअखेर पुण्याची पाळी, त्यामुळे केबलवाले रोज उठून बॉक्स मागत होते.

बॉक्सचा प्रोसेसर बेताचा. एक चॅनल बघताना दुसरं रेकॉर्डिंगला लावलं की चित्राचे चौकोन पडायचे. चिप कमजोर आहे, महागातली घ्या, असं बहुमत झालं. मागे बसलेल्या अण्णांनी एवढंच विचारलं, "ट्यूनरमधून निघालेला बाइट डिस्कवर पोचेपर्यंत किती वेळा कॉपी होतो, हे कुणी मोजलंय का रे?"

मग मोजलं. चिप मेमरीत लिहिते. ड्रायव्हर ते उचलून आपल्या रिंग बफरमध्ये टाकतो. ॲपने रीड मारला की कर्नल तेच पुन्हा ॲपच्या मेमरीत ओततो, आणि ॲप डिस्कसाठी राइट करतं तेव्हा आणखी एकदा. केबलच्या एका फ्रिक्वेन्सीवर सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट येतात, म्हणजे १८८ बाइटची सुमारे २५ हजार पॅकेटं. आमची चिप ती सगळी जशीच्या तशी मेमरीत ओतायची. प्रोसेसर बिचारा हमालीतच दमत होता.

अण्णा तासगावकडचे, घरी द्राक्षबाग. मला समजावताना ते थेट तलाठ्याकडे गेले. "जमीन घेतलीस की ती उचलून घरी आणतोस का? फेरफार होतो, सातबाऱ्यावर नाव चढतं. जमीन जागच्या जागी. एम-मॅप म्हणजे तेवढंच." हे माझ्या डोक्यात कायमचं बसलं. प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं पेज टेबल असतं, त्यात ४,०९६ बाइटच्या एकेका पानाची नोंद. ड्रायव्हरने चिपच्या मेमरीची पानं ॲपच्या नावे तिथे चढवली की ॲप आपल्याच पत्त्यावर वाचतं, आणि वाचलं जातं ते चिपने लिहिलेलं मूळ. मधल्या दोन कॉप्या गेल्या.

"पण अण्णा, खातं सामाईक झालं ना?" मी म्हटलं. "मग भाऊबंदकी होणारच," ते हसले. ॲप वाचत असताना चिप वरून लिहीत सुटली तर चित्राचा चिवडा ठरलेला. म्हणून त्यांनी मेमरीचे तुकडे पाडले. भरलेला तुकडा ॲपच्या ताब्यात, वाचून झाला की परत चिपकडे, एका वेळी कसणारा एकच.

तुकडा केवढा असावा, यावर त्यांनी अख्खी दुपार घालवली. वेळ फुकट गेला असं बाकीच्यांना वाटलं, मला नाही. १८८ ने ४,०९६ ला भाग जात नाही, म्हणजे पानाच्या काठावर पॅकेट तुटणार. अण्णांनी लसावि काढला: १,९२,५१२ बाइट. बरोबर ४७ पानं आणि बरोबर १,०२४ पॅकेटं. गंमत अशी, की प्रत्येक पॅकेटचा पहिला बाइट ठरलेला असतो आणि हेक्समध्ये तोही ४७. निव्वळ योगायोग, पण अण्णा दोन दिवस खुशीत होते.

तरी मधूनच शिळे चौकोन दिसायचे. अण्णांनी हेक्स डम्पचे कागद छापून घेतले, दर १८८ बाइटला नवी ओळ, आणि पेन्सिल घेऊन पहिल्या रकान्यातल्या प्रत्येक ४७ ला गोल करत खाली आले. रकाना सरळ होता. पॅकेटं शाबूत होती, पण मधली काही मागच्या फेरीतली. चिपने मेमरीत नवं लिहिलेलं, प्रोसेसर आपल्या कॅशेतलं जुनंच वाचत होता. कॅशे बंद करून मॅप केलं की चूक मिटते, पण वाचन रखडतं. शेवटी तुकडा ॲपच्या हाती देताना तेवढ्याच भागाचा कॅशे बाद करायचा, असं ठरलं. बॉक्स त्याच स्वस्त चिपवर बाजारात गेला.

अण्णांचं शिक्षण कुठलं? त्यांच्या टेबलावर एक स्पायरल बाइंडिंग असायचं, समासात बारीक अक्षरात मराठी टिपा. रुबिनी, कॉर्बेट आणि क्रोआ-हार्टमन यांच्या 'लिनक्स डिव्हाइस ड्रायव्हर्स'च्या तिसऱ्या आवृत्तीचं, २००५ सालचं, पंधरावं प्रकरण. लेखकांनी आणि प्रकाशकाने ते नेटवर मोफत ठेवलं आहे. लिनक्समधल्या ज्या डीव्हीबी, म्हणजे डिजिटल टीव्हीच्या, इंटरफेसवर आमचं काम उभं होतं तो बर्लिनच्या कन्व्हर्जन्स नावाच्या कंपनीतल्या लोकांनी घडवून खुला करून टाकलेला. त्यांतल्या एकालाही मी भेटलेलो नाही, आणि माझं घर त्यांच्या जिवावर चाललं.

आम्ही पदरचा ड्रायव्हर लिहिला, कारण तेव्हा लिनक्सच्या डीव्हीबीत डीमक्ससाठी, म्हणजे पॅकेटांतून हवा तो चॅनल वेगळा काढणाऱ्या भागासाठी, एम-मॅपची सोयच नव्हती. ती २०१८ मध्ये ४.१६ आवृत्तीत आली, सॅमसंगच्या अभियंत्यांच्या कामातून. तुकडा द्यायचा-घ्यायचा रिवाज तोच. तिच्यावर 'प्रायोगिक'चा शिक्का होता. मी अण्णांना फोन केला. निवृत्त होऊन ते गावी बागेत रमले होते. म्हणाले, "बफर केवढा ठेवलाय त्यांनी?"

ते स्पायरल आता माझ्याकडे आहे. पुस्तक जुनं झालंय, त्यातली नोपेज पद्धत जाऊन फॉल्ट आली, पण पेज टेबल आणि डीएमए, म्हणजे चिपने थेट मेमरीत लिहिणं, इतकं नीट मी दुसरीकडे वाचलेलं नाही. ड्रायव्हर शिकणाऱ्या कुणाला अण्णांच्या टिपांसकट झेरॉक्स हवी असेल तर हक्काने मागा. पैसे घेणार नाही.