नवा डाख

मोडलेली वस्तू दुरुस्त करीत बसण्यापेक्षा नवी आणावी, हे आमचे बऱ्याच वर्षांचे मत. दोन वर्षांपूर्वी मुंबईतच बिऱ्हाड हलविताना या मताला जागून आम्ही तीर्थरूपांची हत्यारांची पेटी भंगारवाल्यास देऊन टाकली. टेलिफोन खात्यात तारा जोडण्यात पस्तीस वर्षे घालविलेल्या त्या माणसाने चकार शब्द काढला नाही. मात्र त्या दिवसापासून त्यांचे आमच्याशी बोलणे जेवणाची वेळ व औषधाची वेळ यांपुरतेच उरले.

परवा आमच्या चिरंजीवांच्या हातातील खेळयंत्र पडले व त्याचे उजव्या खांद्यावरील बटण मोडले. मामाने दिलेले ते यंत्र बाजारातून केव्हाच नाहीसे झालेले. तेव्हा ‘नवे आणू’ हा आमचा मंत्र येथे चालेना. दुकानदाराने ‘सगळा बोर्ड बदलावा लागेल’ असे सांगून ते परत केले. वास्तविक मोडलेला भाग हरभऱ्याच्या दाण्याएवढा!

यंत्र उघडले तेव्हा उलगडा झाला. पुढील बटणे रबराच्या पातळ गादीवर बसलेली असतात. दाबली की गादीखालचा कार्बनचा ठिपका बोर्डावरील दोन रेषा जोडतो. गुनपेई योकोई यांनी १९८२ साली ‘डाँकी काँग’च्या चिमुकल्या यंत्रावर आणलेली चार दिशांची फुली येथेही होती, आणि गादी पुसली की तिचे बहुतेक दुखणे बरे होते. खांद्याचे बटण मात्र बोर्डाला डाख लावून, म्हणजे सोल्डरने, जखडलेले. बोटाचा सारा भार त्याच्या इवल्या पायांवर.

लॅमिंग्टन रोडवरून नवे बटण आणले. पण डाख लावणार कोण आणि कशाने? हा प्रश्न आम्ही कुटुंबास विचारीत असता तीर्थरूप उठले आणि त्यांनी खाटेखालून वर्तमानपत्रात गुंडाळलेले सोल्डरिंग आयर्न व डाखाचे अर्धे रीळ काढले. पेटी जाण्यापूर्वी तेवढेच त्यांनी बाजूस ठेविले होते.

त्यांचा हात आता कापतो. म्हणून आयर्न आमच्या हाती आले आणि वाचा त्यांची. रिळात शिसे असल्याने त्यांनी प्रथम खिडक्या उघडविल्या व नातवास दूर बसविले.

जुना डाख वितळेना. हल्लीच्या डाखात बहुधा शिसे नसते. कथील, चांदी व तांबे यांचा तो डाख २१७ अंशांच्या सुमारास पातळ होतो, आणि बोर्डावरील तांबे उष्णता ओढून नेते. आम्ही बटण उपटू लागलो.

“ओढू नकोस, तांबे निघून येईल. आधी त्यात नवा डाख घाल.”

जे काढावयाचे तेच वाढवावयाचे, हे आम्हांस विपरीत वाटले. परंतु ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे असलेला त्यांचा डाख १८३ अंशांवरच वितळतो. तो मिसळताच जुना हट्टी डाखही सैल झाला, आणि मोडके बटण अलगद सुटून आले.

“राळ कशाला लावायची, आजोबा?” दुरून प्रश्न आला. कल्हईवाला भांड्यात नवसागर टाकतो ना, तेच काम येथे राळेचे, हे सांगताना तीर्थरूप चक्क हसले.

नवे बटण बसविताना आमचे पहिले दोन डाख फसले. “डाख वितळवून वर थापू नकोस. पाय आणि तांबे, दोन्ही तापव. डाख आपण होऊन धावेल. आणि निवेपर्यंत हलवू नकोस.” तिसऱ्या खेपेस डाख धावला. बटण ‘टक्’ वाजले, आणि चिरंजीव यंत्र घेण्यास धावले; त्यांना आधी हात धुवावयास लावले ते आम्ही!

तीर्थरूपांनी भिंगातून डाख पाहिला. “चमकतो आहे,” एवढेच म्हणाले.

दोन वर्षे अडलेले वाक्य तेव्हा आमच्या तोंडून निघाले. “अप्पा, ती पेटी द्यायला नको होती.”

ते आयर्नचे टोक पुसत राहिले. मग म्हणाले, “बारीक तोंडाची पक्कड हवी. ती नसली की बोटे भाजतात.”

गेलेली पेटी काही परत येणार नाही. येत्या रविवारी मात्र आम्ही दोघे पक्कड आणावयास लॅमिंग्टन रोडला जाणार आहोत; निवड तेच करतील.