पाचपट पिक्सेलचं करायचं काय?

डीव्हीडी सोडून ब्लू-रेवर जावं का? सगळं फोनवर बघणाऱ्याला हा प्रश्न आज विनोदीच वाटेल. आमच्या घरात मात्र यंदा तो खराखुरा उभा राहिला. बाबा निवृत्त झाले. मिरजेचं घर सोडून आई-बाबा पुण्यात माझ्या वन बीएचकेत राहायला येणार आहेत आणि बाबांचं डिस्कचं कपाट इथे मावणार नाही. दोनशेच्या आसपास डिस्क आहेत. मोझर बेअरने २००७ च्या सुमारास २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढल्या, तेव्हापासून बाबांनी जमवलेल्या. "काय ठेवायचं, काय नव्याने घ्यायचं, काय भंगारात द्यायचं, तूच ठरव. इंजिनिअर आहेस ना?" बाबा फोनवर म्हणाले.

मग मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ पिक्सेलचं. आपल्याकडच्या डीव्हीडीचं ७२० गुणिले ५७६. ब्लू-रेचं १९२० गुणिले १०८०. गुणाकार करून बघा, ब्लू-रे डीव्हीडीच्या बरोबर पाचपट निघते. फोर-के डिस्क तिच्याही चौपट. कागदावर तर प्रश्न मिटलाच.

पण सिनेमा आपण डोळ्यांनी बघतो, आणि डोळ्याला मर्यादा आहे. चांगली नजर साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखते. आमचा टीव्ही ४३ इंची. त्याच्यापासून साडेदहा फुटांपलीकडे बसलं, तर डीव्हीडीचे पिक्सेलही वेगळे दिसत नाहीत, मग ब्लू-रेचे पाचपट पिक्सेल वाया. पुढे सरकत गेलं की फरक दिसायला लागतो आणि साडेपाच फुटांवर ब्लू-रेचा पूर्ण बारकावा मिळतो. फोर-केचा पूर्ण बारकावा हवा असेल, तर पावणेतीन फुटांवर बसावं लागेल, आणि "डोळे फोडून घेणार आहेस का?" हे आईचं लहानपणीचं वाक्य पुन्हा ऐकावं लागेल. आमचा सोफा आठ फुटांवर आहे. म्हणजे ब्लू-रेचा फायदा थोडा तरी दिसेल. फोर-केचे रंग कदाचित जास्त खुलतील, पण जादा पिक्सेल डोळ्यापर्यंत पोचणार नाहीत.

मग स्ट्रीमिंग काय वाईट? तिथेही १०८० असतंच की. इथे पिक्सेल मोजून भागत नाही, दर सेकंदाला किती डेटा येतो ते बघावं लागतं. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. नेटफ्लिक्स १०८० साठी ५ मेगाबिटचं कनेक्शन पुरेसं मानतं. आताचे कोडेक जास्त हुशार आहेत, त्यामुळे दोन माणसं खोलीत बसून बोलतायत अशा दृश्यात फरक कळणारही नाही. पाऊस, धूर, धुकं किंवा काळोख आला, की दाबलेल्या चित्रात पट्टे आणि चौकोन दिसायला लागतात.

सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे मूळ सिनेमा कशावर चित्रित झाला होता. '२८ डेज लेटर' हा २००२ चा सिनेमा बहुतांश साध्या डिजिटल व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाला. मुळातच जो तपशील टिपला गेला नाही, तो कुठलीही डिस्क आणून देणार नाही. याउलट १९५५ चा 'पथेर पांचाली' फिल्मवरचा. फिल्मच्या निगेटिव्हमध्ये डीव्हीडीपेक्षा कितीतरी जास्त तपशील असतो. अपू त्रयीच्या मूळ निगेटिव्हचं १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबमधल्या आगीत प्रचंड नुकसान झालं. जळक्या निगेटिव्हमधून वाचवता आलं ते वाचवून, उरलेलं दुसऱ्या प्रतींमधून घेऊन हे तिन्ही सिनेमे पुन्हा उभे केले गेले आणि २०१५ मध्ये ब्लू-रेवर आले. अशा सिनेमासाठी मी खिशात हात घालीन. त्यातही एक अडचण आहे. ती अमेरिकन डिस्क रीजन ए ची, भारत रीजन सी मध्ये. म्हणजे सगळे रीजन चालवणारा प्लेअर शोधणं आलं.

आणि प्लेअर बनवणारे तर काढता पाय घेतायत. सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेसाठी नवे ब्लू-रे प्लेअर आणणं थांबवलं. नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये टपालाने डिस्क पाठवणं बंद केलं. तरीही डिस्क घ्यावीशी वाटते, कारण ॲपवरच्या सिनेमाचा करार संपला की तो एका रात्रीत गायब होतो. कपाटातली डिस्क परत न्यायला कोणी येत नाही.

हे सगळं लक्षात घेऊन मी बाबांच्या यादीचे तीन ढीग केले. जे पुन्हा बघणार नाही, ते देऊन टाकायचे. असे दीडशेच्या आसपास निघाले. फिल्मवर चित्रित झालेले, नीट रिस्टोअर केलेले आणि आम्ही दोघंही पुन्हा बघू असे सिनेमे ब्लू-रेवर घ्यायचे. असे निघाले सात.

तिसऱ्या ढिगाने मला अडवलं. त्यात बाबांचे जुने मराठी सिनेमे आहेत. बऱ्याच जणांची ब्लू-रे मी शोधली, मिळाली नाही. काहींची तर यूट्यूबवरची प्रतही आमच्या व्हीसीडीपेक्षा खराब आहे. त्याच ढिगात ताईच्या लग्नाची व्हीसीडी आहे. तिच्यात आजी पंगतीत जिलेबी वाढतेय. चेहरा ओळखू येतो, एवढंच. पण आजीचं चालतंबोलतं चित्र म्हणून आमच्याकडे तेवढंच आहे.

या ढिगाला कुठलंच अपग्रेड नाही. घरी रेकॉर्ड केलेल्या डिस्कमधला रंगद्रव्याचा थर हळूहळू खराब होतो, तो आपल्या ठरवण्यासाठी थांबत नाही. म्हणून ब्लू-रे प्लेअरच्या आधी मी यूएसबीला लागणारा साधा डीव्हीडी ड्राइव्ह मागवला. व्हीसीडीतल्या 'एमपेगएव्ही' फोल्डरमधली डॅट फाइल उचलायची, दोन हार्ड डिस्कवर ठेवायची, एक प्रत ताईला द्यायची.

तेव्हा ब्लू-रे घ्यावी का? मोठा टीव्ही असेल, त्याच्या जवळ बसत असाल आणि पुन्हा पुन्हा बघाल असे पाच-दहा सिनेमे असतील, तर जरूर घ्या. नसतील तर पैसे वाचवा. पण आधी घरातल्या माळ्यावरची ती लग्नाची व्हीसीडी खाली काढा. ब्लू-रे पुढच्या वर्षीही मिळेल.